कोल्ह्याचं दुखणं

त्वचारोगांच्या दवाखान्यात तळमजल्यावर, औषधांच्या कोठीला लागून एक अरुंद खोली होती. तिथे टायपिस्टबाई बसायच्या. डॉक्टर पेशंट तपासून झाले की यंत्रात बोलायचे. ते बोलणं बाईंनी कानाला लावून ऐकायचं आणि त्याचा रिपोर्ट टाइप करायचा. पायाखाली पेडल. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. धाकट्या डॉक्टरीणबाई आगगाडी चुकत असल्यासारख्या बोलायच्या, आणि मोठे डॉक्टर तोंडात खोकल्याची गोळी चघळत, निम्मे शब्द गालात ठेवून. बाकी कुणाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. बाईंना कळायचं. इतक्या वर्षांत त्यांचा कान तयार झाला होता.

बाईंचे हात मात्र स्वस्थ बसायचे नाहीत. टाइप करताना ठीक. पण मोठे डॉक्टर विचार करायला थांबले, की डावा हात उठून डोक्यावरच्या रुमालाखाली शिरायचा. बोटं केसांतून फिरायची, एखादा जाडसर, खरखरीत, इतरांहून वेगळा केस शोधायची. तो सापडला की जिवाची घालमेल सुरू. तो असा डोक्यात राहूच शकत नाही असं वाटायचं. मग एक बारीक हिसका, क्षणभर शांत शांत, आणि लगेच त्यामागून शरम. केस टोपलीत टाकून बाई रुमाल सारखा करायच्या, आणि थोड्या वेळानं हात पुन्हा वर.

हे तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू झालं, परीक्षेच्या अभ्यासात. आईनं हातावर फटके दिले, बहिणीनं चिडवलं, मग आपोआप थांबलं. लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी तान्ही असताना, तिला मांडीवर घेऊन रात्रंदिवस बसून राहावं लागायचं तेव्हा, हात पुन्हा वर गेला तो गेलाच. टाळूवर तळहाताएवढी जागा उघडी पडली. नवरा घाबरला. त्याला काय सांगायचं? बाई बोलून गेल्या, चाई पडलीय.

तेव्हा सुचलं ते बोलल्या, आणि मग तेच घरात राहायला आलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बिघाड आहे म्हणजे तो सापडतो आणि सापडला की दुरुस्त होतो, अशी त्याची समजूत. चाईवर कांद्याचा रस चांगला असं कुणीतरी त्याला सांगितलं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी सकाळी तो स्वतः कांदे किसायचा, फडक्यातून पिळायचा आणि बायकोला मोरीजवळच्या स्टुलावर बसवून टाळूवर रस चोळायचा. डोळ्यांतून पाणी दोघांच्याही. बाई मान खाली घालून बसायच्या. त्याची जाड, तेलकट बोटं इतकी हळू फिरायची की एखाद्या दिवशी खरं सांगून टाकावंसं वाटायचं. पण आता काय सांगणार? जितकी वर्षं रस चोळला गेला तितकं ते तोंड उघडणं अवघड होत गेलं.

मोठ्या डॉक्टरांची एक खोड होती. रिपोर्ट सांगून झाला तरी ते यंत्र बंद करायला विसरायचे. मग त्यांच्याभोवती जमलेल्या शिकाऊ डॉक्टरांशी त्यांचं जे बोलणं व्हायचं, तेही त्यात उतरायचं. बाईंनी ते पुसून टाकायचं, असा नियम. बाई आधी ऐकायच्या, मग पुसायच्या. मोठ्या डॉक्टरांना शब्द फोडून दाखवायचा नाद होता. नुसती घोकंपट्टी करू नका, म्हणायचे, शब्द फोडा, आत एखादा ग्रीक बसलेला असतो. केराटिन म्हणजे ज्यापासून केस बनतो ते, आणि त्यात बसलाय केरास, म्हणजे शिंग. गेंड्याचं शिंग आणि सुंदरीची बट एकाच मालाची. पापण्यांचे, भुवयांचे केस झडले की मॅडरोसिस, कारण ग्रीकांकडे मॅडरोस म्हणजे टकला. कॉमेट, म्हणजे धूमकेतू, तोही केसांतलाच. कोमे म्हणजे लांब केस, आणि केस मोकळे सोडलेला तारा तो कॉमेट. पोरं हसायची, आणि खाली अरुंद खोलीत बाईही हसायच्या.

ॲलोपेशियाची गोष्ट बाईंनी अशीच ऐकली. ॲलोपेक्स म्हणजे कोल्हा. कोल्ह्याला खरूज झाली की त्याचे केस झुपक्यांनी गळतात, म्हणून माणसाच्या टकलालाही ग्रीकांनी कोल्ह्याचं दुखणं म्हटलं. आपण चाई म्हणतो तो त्यातलाच एक प्रकार. बाईंच्या मनाला ते लागलं. आपल्याला झालेलं नाही ते दुखणं आपण इतकी वर्षं डोक्यावर बांधून फिरतोय, आणि ते नेमकं कोल्ह्याचं निघावं.

मग एका दुपारी मोठ्या डॉक्टरांचा एक रिपोर्ट आला. पेशंट शाळकरी मुलगी. टाळूवर विरळ जागा, कडा वेड्यावाकड्या. बाई टाइप करत होत्या. केस सबंध गळालेले नाहीत, वेगवेगळ्या उंचीवर तुटलेले, हाताला खुंटांसारखे लागतात. खालची कातडी निरोगी. बाईंची बोटं मंदावली. ॲलोपेशिया एरिआटा, म्हणजे चाई, नव्हे, डॉक्टर गोळी चघळत म्हणाले, आणि पुढे एक लांबलचक शब्द उच्चारला. तो बाईंना कळला नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी पेडल सोडलं, मागे नेलं, पुन्हा दाबलं. तरी नाही. पुढे ऐकलं तेव्हा एका शिकाऊ डॉक्टरनंही तोच शब्द पुन्हा विचारला होता, आणि मोठ्या डॉक्टरांनी शब्द फोडला. ट्रायकोटिलोमेनिया. थ्रिक्स म्हणजे केस. टिलाइन म्हणजे उपटणं. मेनिया म्हणजे वेड. ज्यांचा हात स्वतःचे केस उपटत राहतो त्यांचं हे दुखणं, आणि वाटतं तितकं दुर्मिळ नाही. मग कुणीतरी हसलं आणि म्हणालं, "म्हणजे ही पोरगी वेडीच म्हणायची का, सर?" खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि यंत्र बंद झालं. नेमकं त्या दिवशी डॉक्टरांना बटण दाबायची आठवण झाली होती.

बाई उठल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. बोळातून औषधांच्या कोठीपर्यंत गेल्या आणि काय हवंय विचारल्यावर काही नाही म्हणून परत आल्या. पाय जमिनीवर ठरेनात. जगाच्या पाठीवर असलं काही आपणच करतो, असं त्या तेराव्या वर्षापासून धरून चालल्या होत्या. आणि इथे त्याला नाव होतं, तेही ग्रीक! नाव आहे म्हणजे करणारे आहेत. ती शाळकरी मुलगी वरच्या मजल्यावर, ह्याच छपराखाली, खुर्चीत बसून गेली होती. बाईंना एकदम हसावंसं वाटलं, पण हसू ओठांवर आलं नाही. कारण शब्दाच्या शेवटी वेड बसलं होतं, आणि वेडी का, याचं उत्तर यंत्रात आलं नव्हतं.

त्यानंतर बाईंना कुठेच चैन पडेना. घरी गेल्या तर दूध उतू गेलं, फडकं घेऊन पुसायला लागल्या आणि पुसता पुसता थांबल्या. झोपेतही हात चाललेला असावा, कारण सकाळी उशीवर केस. शब्द डोक्यात घोळत होता. थ्रिक्स, टिलाइन, मेनिया. पहिल्या दोन पायऱ्या उतरून झाल्या की तिसऱ्या पायरीवर पाऊल अडकायचं.

अशातच मुलीनं नवीनच काढलं. सोळा वर्षांची होती, केस कमरेपर्यंत, आणि त्यांचा तिला भारी तोरा. ती एका सकाळी न्हाणीघरातून बाहेर आली ती ओला हात पुढे धरून. तळहातावर केसांचा गुंता. चेहरा पांढराफटक. "आई," ती म्हणाली, "माझंही सुरू झालं."

बाईंनी आधी तिच्या बोटांकडे पाहिलं. उपटतेस का, हे विचारायला जीभ उचलेना. पण तसं नव्हतं. केस मुळापासून आपसूक आले होते. नवरा धावत आला, त्यानं मुलीचं डोकं उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला की आईवर गेलीय. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलीनं केव्हातरी वाचलं होतं की चाई घराण्यात उतरते. तेव्हापासून ती रोज सकाळी उशी चाचपायची, फणीतले केस ओढून ताणून बघायची, आरसा मागे धरून टाळू तपासायची. कुणाला बोलली नव्हती. आईला वाईट वाटेल म्हणून.

नवऱ्यानं त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. तुझ्याच दवाखान्यात एवढे मोठे डॉक्टर, म्हणाला, आणि आपण इतकी वर्षं कांदे पिळत बसलो. तूही दाखवून घे. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या डॉक्टरांनी रुमाल काढायला लावला की हाताला खुंट लागणार, कडा वेड्यावाकड्या दिसणार, आणि ते यंत्रात बोलणार. ते बोलणं टाइप कोण करणार, हा विचार डोक्यात आला तेव्हा बाईंना खरोखरच हसू फुटलं, आणि नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला.

वेळेच्या दिवशी मायलेकी वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसल्या. मुलगी मनात उजळणी करत होती. केस कधीपासून गळतात, किती गळतात. मग तिनं हळूच विचारलं की तुला आहे म्हणूनही सांगायचं ना, डॉक्टर घराण्याचं विचारतात. बाई बसल्या जागी हलल्या. उठल्या. मुलीला म्हणाल्या, जरा इकडे ये. आणि तिला जिन्यात घेऊन गेल्या, जिथे औषधांची रिकामी खोकी रचून ठेवलेली होती.

"मला चाई नाही," बाई म्हणाल्या.

"मग काय आहे?"

"मी उपटते."

मुलीला कळलं नाही. "काय उपटतेस?"

"केस. माझे. माझ्याच हातानं."

मुलगी आईच्या हातांकडे बघत राहिली. त्या हातांनी रुमालाचं टोक गुंडाळलं होतं आणि सोडलं होतं आणि पुन्हा गुंडाळलं होतं. का, असं तिनं विचारलं. बाई म्हणाल्या की माहीत नाही, हात जातो. थांबवायचा म्हटलं तर थांबत नाही. खूप वेळा म्हटलंय.

"मी उशी झाडताना रडते," मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दातांखालून आल्यासारखा होता. "रोज. आणि तुला ठाऊक होतं की तसलं काही नाही."

तू उशी झाडतेस हे मला ठाऊक नव्हतं, असं बाईंना म्हणायचं होतं. ते खरंही होतं. पण ते बोलण्यात अर्थ नव्हता. तेवढ्यात आतून हाक आली. मुलगी आईकडे न बघता आत गेली. बाई खोक्यांपाशी उभ्या राहिल्या. परत फिरावं, खाली आपल्या खोलीत जावं, कानाला लावून बसावं, असं फार वाटलं. दोन पायऱ्या उतरल्याही. मग चढल्या आणि दार लोटून आत शिरल्या.

मोठ्या डॉक्टरांनी मुलीचं डोकं भिंगाखाली बघून संपवलं होतं. घरात कुणाला केसांचं काही, असं त्यांनी विचारलं. मुलगी रुमालाकडे बघून म्हणाली की नाही, कुणालाच नाही. रागानं म्हणाली की आईला सांभाळून घ्यायला, हे बाईंना तेव्हा कळलं नाही आणि नंतरही त्यांनी कधी विचारलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, मधे ताप येऊन गेला का? आला होता, परीक्षेच्या आधी, चांगला सणसणीत. मग झालं तर, डॉक्टर म्हणाले. केस वाढतो, थबकतो आणि गळतो. गळण्याआधीच्या या थबकण्याच्या टप्प्याला टेलोजेन म्हणतात. टेलोस म्हणजे शेवट. मोठा ताप आला की पुष्कळ केस एकदम त्या टप्प्यावर जाऊन बसतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मुळं शाबूत आहेत, सगळे परत येतील. मुलीनं इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. उठायला लागली.

"डॉक्टर, माझंही बघा," बाई म्हणाल्या आणि रुमाल काढला.

खोलीतल्या पंख्याचं वारं टाळूला लागलं. डॉक्टर भिंग घेऊन वाकले. ते काही बोलायच्या आत बाईंनीच तो शब्द उच्चारला. आजवर नुसता ऐकला होता आणि टाइप केला होता, जिभेवर पहिल्यांदाच येत होता, त्यामुळे मधे अडखळला. डॉक्टर सरळ झाले. हा शब्द कुठे कळला, त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगितलात. मी खाली तुमचे रिपोर्ट टाइप करते. तुम्ही बटण बंद करत नाही."

डॉक्टर ओशाळले. गोळी या गालातून त्या गालात गेली. आणखी काय काय ऐकलं असेल याचा ते हिशेब करत असावेत. बाईंना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी विचारलं, "मेनिया म्हणजे वेडच ना?"

डॉक्टरांनी भिंग टेबलावर ठेवलं. ज्यानं हे नाव दिलं, डॉक्टर म्हणाले, तो माझ्यासारखाच कातडीचा डॉक्टर होता, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी. त्यानं बाहेरून बघितलं आणि नाव ठेवून मोकळा झाला. आता कळतं की यात वेड नाही. पण शब्द एकदा चिकटला की तो काही मुळासकट निघत नाही. "माझ्याकडे याचं मलम नाही," असं सांगून त्यांनी तिसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या मानसोपचाराच्या बाईंचं नाव दिलं. त्यांच्याकडे अशी माणसं येतात, म्हणाले, आणि बरीचशी सुधारतात. सगळी नाही.

घरी नवऱ्याला सांगणं त्याहून कठीण गेलं. तो हात धुऊन जेवायला बसत होता. बाईंनी उभ्यानंच सांगितलं. त्याला दोनदा सांगावं लागलं. "मग मी इतकी वर्षं रस कशाला चोळत होतो?" त्यानं विचारलं. मुलगी ताटाकडे बघत होती. तो थोडं जेवला, उठला, आणि दारात चप्पल घालताना म्हणाला, "केसानं गळा कापलास गं." एरवी असं काही बोलला की स्वतःच हसायचा. त्या दिवशी हसला नाही.

मग घरात बिनसलं ते बरेच दिवस. नवरा कामावरून उशिरा यायचा, लागेल तेवढंच बोलायचा. सुट्टीच्या सकाळी कांदे टोपलीत तसेच, आणि तो सायकलीला तेल घालत बाहेर. बाई तिसऱ्या मजल्यावर जायला लागल्या होत्या. मानसोपचाराच्या बाई वयानं लहान होत्या. त्यांनी वेड हा शब्द एकदाही काढला नाही. हात वर जायच्या आधी काय होतं ते नीट बघा, म्हणाल्या, आणि हाताला दुसरं काहीतरी काम द्या. बाईंनी चेंडू दाबून पाहिला, सुतळीच्या गाठी मारून पाहिल्या. बोटं म्हणायची, हे ते नव्हे. त्यांना उपटायला हवं होतं. रुमालाखाली जाण्यासाठी ती तडफडायची, आणि बाई खुर्चीवर चुळबुळत राहायच्या, पेडल धरत आणि सोडत, रिपोर्ट चुकत.

हे त्या एकदा जेवताना मुलीला सांगत होत्या. मुलगी ऐकत नसल्यासारखं ऐकायची, तशी ऐकत होती. नवऱ्याचं लक्ष आहे असं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं कामाच्या पिशवीतून एक वीतभर पट्टी काढून बाईंच्या पुढ्यात ठेवली. लिफ्टच्या दाराच्या कडेला ताठ काळ्या केसांचा ब्रश असतो, त्याचा जुना तुकडा. त्याचे केस एकेक ओढले की बारीक हिसक्यानं निघून येत. बाईंनी एक ओढला. मग दुसरा. नवरा उभा राहून बघत होता. जमतंय का, त्यानं विचारलं. जमतंय, बाई म्हणाल्या. तेव्हा तो म्हणाला की गोदामात असल्या जुन्या पट्ट्यांचा ढीग पडलाय, आणि ताट वाढ म्हणाला.

म्हणून काही सगळं सुटलं नाही. अरुंद खोलीत बाईंच्या खुर्चीखाली ब्रशचे काळे केस साठायला लागले, आणि झाडणाऱ्या बाईनं विचारलं की इथे कुणी ब्रश खातं का. काही आठवडे चांगले गेले. मग मोठ्या डॉक्टरांनी निवृत्त व्हायचं ठरवलं, खाली नवीन यंत्रं येणार असं बोललं जाऊ लागलं, आणि बाईंचा हात पट्टी सोडून पुन्हा रुमालाखाली गेला. त्यांनी ते तिसऱ्या मजल्यावर सांगितलं. नवऱ्यालाही सांगितलं. लपवायचं नाही एवढं एक त्यांनी धरलं होतं.

मुलगी मात्र दूरच होती. तिचे केस गळायचे थांबले होते, कपाळाशी नवे बारीक केस उभे राहिले होते, आणि ती ते पाणी लावून बसवायची. आईशी बोलायची, पण जिन्यातलं काही काढायची नाही. एका दुपारी बाई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मुलगी मागून आली आणि नुसतं म्हणाली, "दाखव."

बाईंनी रुमाल सोडला. मुलीनं फणी घेतली आणि टाळूवरचे केस हळूहळू दोन्हीकडे केले. कडेनं बोटभर वाढलेले केस होते, बरेचसे पांढरे, राठ. मधे एक जागा होती, नाण्याएवढी, कालच उघडी पडलेली. तिच्यापाशी फणी थांबली. बाईंना कळलं की तिनं पाहिलं. आता विचारेल, असं वाटून त्या आतून घट्ट झाल्या. मुलीनं विचारलं नाही. फणी त्या जागेला वळसा घालून पुढे गेली आणि केस विंचरत राहिली, कपाळापासून मागे, पुन्हा कपाळापासून मागे. बाईंचे हात आधी घडीवर होते, मग गुडघ्यांवर, मग काय करावं न सुचून त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले आणि जमेल तेवढ्या स्थिर बसून राहिल्या.